अनोळखी उपकरणांची पारख, नोंद सातवी

आमच्या घरच्या क्लाउडवर कुणी नव्या उपकरणावरून लॉगिन केले की मला टेलिग्रामवर सूचना यावी, यासाठी मी लॉग चाळणारी एक क्वेरी, म्हणजे लॉगला विचारायचा प्रश्न, घडवतो आहे. सहाव्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की क्वेरी आता स्थिरावली असून सलग अकरा दिवस एकही खोटी सूचना आलेली नाही. ते खरेच होते. फक्त त्या अकरा दिवसांत खरी सूचना येण्याचीही सोय नव्हती, हे परवाच्या रविवारी कळले. लॅमिंग्टन रोडवरून अडीच हजारांना आणलेला एक जुना अँड्रॉइड फोन मी पूर्ण पुसून कोरा केला, घरचे वायफाय टाळून मोबाइल डेटावर ठेवला, आईच्या परवानगीने तिच्या खात्यात लॉगिन केले आणि टेलिग्राम उघडून बसलो. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. शेवटी आईनेच स्वयंपाकघरातून विचारले, "वाजला का रे तुझा भोंगा?" तो वाजला नव्हता.

मांडणी तीच आहे: पार्ल्याच्या घरातला छोटा पीसी, त्यावर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) आधाराने चालणारा नेक्स्टक्लाउड, म्हणजे फाइली आणि फोटोंचे घरगुती क्लाउड, घरातले आणि नात्यातले मिळून नऊ वापरकर्ते, ऑडिट लॉग (नेक्स्टक्लाउडमध्ये कोणी काय केले) आणि ॲक्सेस लॉग (एन्जिनएक्सकडे आलेली प्रत्येक विनंती) दोन्ही जेसन या मजकूर-स्वरूपात, आणि ते वाचणारा कस्टोचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लॉग चाळणाऱ्या इंजिनाचा, एम्युलेटर (घरच्या यंत्रावर चालणारी आवृत्ती). एवढ्याशा लॉगसाठी कस्टो कशाला, ग्रेप (मजकूर शोधणारी साधी कमांड) पुरे, असे मला दोघांनी कळवले आहे. ग्रेप मलाही प्रिय आहे, पण "या माणसाच्या मागच्या तीस दिवसांत न दिसलेली उपकरणाशी जोडी दाखव" हा प्रश्न केक्यूएलमध्ये (कस्टोच्या क्वेरी-भाषेत) सहा ओळींत विचारता येतो आणि सहा महिन्यांनी वाचला तरी समजतो. शिवाय एम्युलेटर घरातच चालत असल्यामुळे आत्या रात्री कुठून लॉगिन करते ही माहिती घराबाहेर जात नाही, आणि माझ्या दृष्टीने हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे.

भोंगा न वाजल्याचा पहिला संशय मी जुन्याच गुन्हेगारावर, म्हणजे युजर एजंटवर (ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर स्वतःची ओळख सांगणारा जो मजकूर पाठवतो त्यावर) घेतला, आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. ज्यांनी तिसरी ते पाचवी नोंद वाचली आहे त्यांना तो इतिहास ठाऊक आहे. सुरुवातीला मी वापरकर्ता आणि संपूर्ण युजर एजंट अशी जोडी धरली होती. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली, त्यामुळे दर चार आठवड्यांनी नऊच्या नऊ माणसे एकदम अनोळखी ठरत. आत्याचा तेव्हाचा फोन मला अजून आठवतो: "अरे, तुझा तो पहारेकरी घरच्याच माणसांवर का भुंकतोय?" मग मी आवृत्तीचे आकडे छाटून टाकले, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पडलो. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीपासून अँड्रॉइडवरच्या युजर एजंटमधून फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची खरी आवृत्ती काढून टाकली आहे, कुठल्याही कंपनीचा, कितीही नवा फोन असला तरी सर्व्हरला दिसते ते "अँड्रॉइड १०, के" एवढेच. विंडोज ११ स्वतःला विंडोज एनटी १०.० म्हणवते आणि आयपॅडवरची सफारी २०१९ पासून स्वतःला मॅकिंटॉश म्हणवते. माग काढण्यावर आळा घालणारा हा बदल वापरकर्ता म्हणून मला पटतो. पहारेकरी म्हणून मात्र माझ्या हातात एकाच गणवेशातले नऊ जण उरले.

आयपी पत्त्याचा आधार घ्यावा, तर पार्ल्याहून चर्चगेटला जाईपर्यंत फोनचा पत्ता बदललेला असतो. मोबाइल नेटवर्कमध्ये आयपीव्ही४ चा एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पत्ता नवा म्हणजे माणूस नवा असे नाही आणि पत्ता जुना म्हणजे माणूस ओळखीचा असेही नाही. नेक्स्टक्लाउडचे संशयास्पद लॉगिन ओळखणारे ॲप वापरकर्ता आणि पत्ता याच जोडीवर शिकते. स्थिर ब्रॉडबँडवर बसलेल्या कार्यालयात ते बरे चालत असेल, पण आमच्यासारख्या लोकलमधून फोटो चढवणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणूनच सहाव्या नोंदीत मी उपकरणाला त्याचे नाव विचारणे सोडले आणि आपणच त्याला एक खूण द्यायची असे ठरवले. एन्जिनएक्समध्ये त्यासाठी वेगळे काहीच बसवावे लागत नाही. त्याचे युजरआयडी मॉड्यूल कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) नसलेल्या ब्राउझरला एक ओळख देते आणि लॉगमध्ये दोन चल मोकळे करते: यूआयडी_गॉट, म्हणजे ब्राउझरने आणलेली खूण, आणि यूआयडी_सेट, म्हणजे आपण आत्ता दिलेली खूण. ज्या लॉगिनच्या ओळीत यूआयडी_सेट भरलेले असेल ते उपकरण नवे, इतके सोपे गणित मी मांडले होते. कर्लने (कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनाने) चाचणी घेतली, सूचना आली, आणि मी ती नोंद लिहून मोकळा झालो.

मंगळवारी रात्री, युजर एजंटचा नाद सोडून, मी त्या रविवारच्या लॉगिनच्या आसपासच्या ॲक्सेस लॉगच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या. पहिली ओळ लॉगिनच्या पानाची, गेट विनंती (पान मागणारी), आणि तिच्यात यूआयडी_सेट भरलेले. त्यानंतर स्टाइलशीट आणि जावास्क्रिप्टच्या ओळी, सगळ्यांत यूआयडी_गॉट. मग चाळीस सेकंदांनी, म्हणजे मी आईचा पासवर्ड दोनदा चुकत टंकत होतो तेवढ्या वेळाने, पोस्ट विनंती (नाव आणि पासवर्ड पाठवणारी), आणि तिच्यात यूआयडी_सेट रिकामे व यूआयडी_गॉट भरलेले. पान उघडतानाच खूण हातात पडलेली असल्यामुळे पासवर्ड देण्याच्या क्षणी प्रत्येक उपकरण, अगदी दुकानातून नुकतेच आलेलेसुद्धा, खूण घेऊनच दारात उभे राहत होते. पाहुण्याला फाटकाशीच बिल्ला द्यायचा आणि दारात बिल्ला आहे म्हणून ओळखीचा समजायचे, असा माझा कारभार होता. कर्लची चाचणी पार पडली याचे कारणही मग उलगडले: तिथे नाव आणि पासवर्ड पहिल्याच विनंतीत जातात, आधी पान उघडले जातच नाही. जी चाचणी खऱ्या माणसाच्या वाटेने जात नाही तिच्यावर मी अकरा दिवस विसंबून होतो.

दुरुस्ती करताना खूण "आत्ता दिली का" हा प्रश्न काढून टाकला आणि "या माणसाने ही खूण पूर्वी कधी आणली होती का" हा प्रश्न घातला. त्यासाठी दोन लॉग जोडणे आले, कारण खूण एन्जिनएक्सला ठाऊक आणि माणसाचे नाव नेक्स्टक्लाउडला. हा सांधा वेळेवरून जुळवण्याच्या भानगडीत कृपया पडू नका. एन्जिनएक्सचा रिक्वेस्ट_आयडी (प्रत्येक विनंतीचा वेगळा क्रमांक) हा चल फास्टसीजीआयच्या (एन्जिनएक्स आणि पीएचपी यांच्यातल्या दुव्याच्या) वाटेने युनिक_आयडी या नावाने पुढे पाठवला की नेक्स्टक्लाउड तोच क्रमांक स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि दोन्ही ओळी बिनचूक जुळतात. गेल्या तीन महिन्यांत केलेल्या सगळ्या खटपटीत या एका ओळीने मला सर्वांत जास्त समाधान दिले आहे.

पुढचा खड्डा केक्यूएलचाच. माझ्या पहिल्या मसुद्यात ज्ञात खुणांचा तक्ता डावीकडे होता, दोन तक्त्यांची जोडणी फक्त वापरकर्त्याच्या नावावर होती, आणि जोडणीचा प्रकार लिहिलेला नव्हता. प्रकार न लिहिल्यास केक्यूएल इनरयुनिक धरते, म्हणजे डाव्या तक्त्यात एकाच नावाच्या अनेक ओळी असतील तर त्यांतली कुठलीतरी एकच ठेवते. परिणामी आईचा फोन ज्ञात राहिला आणि तिचाच टॅब अनोळखी ठरला, आणि क्वेरी पुन्हा चालवल्यावर कधीकधी उलटे झाले. एसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या भाषेच्या सवयीने येणाऱ्या प्रत्येकाचा इथे पाय घसरतो. आता आजची लॉगिने डावीकडे, मागच्या तीस दिवसांतल्या जोड्या उजवीकडे, वापरकर्ता आणि खूण या दोन्ही स्तंभांवर लेफ्टअँटी (डावीकडच्या ज्या ओळी उजवीकडे सापडत नाहीत तेवढ्याच दाखवणारी जोडणी), आणि जोडणीचा प्रकार नेहमी स्पष्ट लिहिलेला.

एक सुखद गोष्ट अशी की शिकण्यासाठी थांबावे लागले नाही. मॉड्यूल आधीपासून चालू असल्याने सगळ्या खुणा लॉगमध्ये पडूनच होत्या; चूक फक्त माझ्या प्रश्नात होती. तीच क्वेरी रविवारच्या तारखेवर मागे वळून चालवली आणि एकच ओळ आली: आईचे नाव आणि त्या अडीच हजारांच्या फोनची खूण. ती ओळ मी आईला नेऊन दाखवली. "एवढंच?" असे ती म्हणाली, पण दोनदा वाचली.

बुधवारी पहिली खरी सूचना आली आणि ती खोटी निघाली, म्हणजे अर्धी खोटी. आत्याने तिच्या टॅबवरून काकांच्या खात्यात लॉगिन केले होते. खूण घरातली, माणूस वेगळा. अशा वेळी भोंगा वाजवू नये, पण नोंद मात्र राहावी, म्हणून आता सूचनेच्या दोन पायऱ्या केल्या आहेत: खूण कोणाच्याच नावावर नसेल तर टेलिग्राम, आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर फक्त रात्रीच्या गोषवाऱ्यात एक ओळ. बाबा इन्कॉग्निटो खिडकी वापरतात आणि ती बंद करताच खूण पुसली जाते. ते दर वेळी अनोळखी ठरतात आणि ठरू देत. त्यांना समजावण्यापेक्षा सूचना वाचणे सोपे आहे.

खुणेच्या मर्यादाही लिहून ठेवतो. मॉड्यूलने दिलेली खूण सही केलेली नसते आणि तिच्या रचनेत वेळ, प्रोसेसचा क्रमांक असे अंदाज बांधता येतील असे भाग असतात, त्यामुळे तिला पासवर्डाचा मान देऊ नये. युजरआयडी_फ्लॅग्जमध्ये सिक्युअर (खूण फक्त एचटीटीपीएसवरूनच जाईल) आणि एचटीटीपीओन्ली (पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही) लावून घ्या. ही सोय १.१९.३ या आवृत्तीपासून आहे. क्रोम कुठल्याही कुकीला ४०० दिवसांपेक्षा जास्त आयुष्य देत नाही आणि मी मुदत वर्षाची ठेवली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी सगळे एकदा पुन्हा अनोळखी ठरणार. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ब्राउझरमधल्या सगळ्या कुकी चोरून नेणारा मालवेअर सत्राबरोबर माझी खूणही नेईल. त्यासाठी खुणेबरोबर नेटवर्कचा एएस क्रमांक, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या अख्ख्या नेटवर्कला मिळालेला क्रमांक, जोडायचा विचार होता: पत्ता बदलला तरी जिओचा ग्राहक ५५८३६ मध्येच राहतो, तेव्हा ओळखीची खूण अचानक एखाद्या परदेशी होस्टिंग कंपनीच्या नेटवर्कमधून आली तर भोंगा वाजावा. जिओलाइट२ चा एएसएन तक्ता (कोणता पत्ता कोणत्या एएस क्रमांकात येतो याची यादी) उतरवून ठेवला आहे आणि केक्यूएलच्या आयपीव्ही४_लुकअप प्लगइनने तो जोडण्याचे काम या शनिवारी करणार होतो.

करणार होतो, कारण वरचा परिच्छेद लिहिताना दुसरेच सुचले. लॉगिनच्या पानाची गेट विनंती पोस्टच्या आधी येते याच गोष्टीने मला फसवले, पण तिचाच फायदा घेता येईल. क्रोमकडून फोनचे मॉडेल हवे असल्यास सर्व्हरला एक्सेप्ट-सीएच या हेडरने (पानाबरोबर जाणाऱ्या सूचनेच्या ओळीने) ते मागावे लागते आणि उत्तर पुढच्या विनंतीपासून मिळते. म्हणजे पानाबरोबर मागितले तर पासवर्डाच्या विनंतीत मॉडेल आपोआप हजर. प्लॅटफॉर्मची आवृत्ती मागितली तर विंडोज ११ ही तिथे १३ किंवा त्यापुढचा आकडा देऊन उघडी पडते. फायरफॉक्स आणि सफारी हे काही देत नाहीत, पण आमच्याकडे सफारीवाले दोघेच आहेत. ओळखीची खूण आणि बदललेले मॉडेल ही जोडी एएस क्रमांकापेक्षा कितीतरी स्वच्छ इशारा देईल, कारण लोकलने कितीही स्थानके बदलली तरी फोनचे मॉडेल बदलत नाही. तेव्हा शनिवार मॉडेलला, आणि एएस क्रमांक त्यानंतर.

नेक्स्टक्लाउडच्या मोबाइल ॲपची बाजू अजून मोजणीत घेतलेली नाही. तिथे टोकन (पासवर्डाऐवजी ॲपला दिलेल्या किल्ल्या) असतात, त्यामुळे तो विषय वेगळा आहे. चाचणीची पद्धत मात्र बदलली आहे. पुण्याच्या धाकट्या भावाला सांगून ठेवले आहे की येत्या पंधरवड्यात, मला न कळवता, कुणाच्या तरी उसन्या फोनवरून स्वतःच्या खात्यात लॉगिन कर आणि वेळ कागदावर लिहून ठेव. त्याने होकार दिला आहे आणि लगेच विचारले आहे की तुला कळले नाही तर वडापाव कोणाकडून.