शेवटचं वर्ष, सनद आणि कागदांवरची माझी तीन नावं

२०२४ च्या जुलैत मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला गेले आणि त्याच महिन्याच्या एक तारखेला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पहिल्या वर्षी रात्री जागून दंड संहितेची कलमं पाठ केली होती. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं. त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२ वर गेलं, आणि गंमत म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, ते आता ५२८. पहिले दोन महिने डोक्यात नुसता गोंधळ होता. मग मी ज्यांच्याकडे इंटर्नशिप करत होते त्या सरांनी एक वाक्य सांगितलं: "ताई, आकडे सोडा, गुन्ह्याचे घटक धरा. घटक फारसे बदललेले नाहीत." तेव्हापासून एका वहीत डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं आणि मधे घटक, असं लिहायला लागले. ती वही अजून वापरते, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. सरांच्या टेबलावर आजही दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी असतात.

माझी पार्श्वभूमी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. मी अकरा वर्षं एका पतसंस्थेत हिशेबाचं काम केलं. थकबाकीदारांचे चेक परत आले की फाइल घेऊन वकिलांकडे जाणं माझ्याकडे होतं. तिथे बाकावर बसून ऐकता ऐकता वाटायला लागलं की हे आपणच शिकावं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मुलगी शाळेत होती. सीईटी दिली, सकाळचं कॉलेज मिळालं, आणि तीन वर्षं सकाळी वर्ग, अकरानंतर नोकरी असं चाललं.

तिसऱ्या वर्षात लेखी पेपरपेक्षा प्रात्यक्षिकाच्या फायली जास्त वेळ खातात, हे मला आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं. मसुदालेखनाच्या विषयात दाव्या-अर्जांचे पंधरा आणि दस्तांचे पंधरा मसुदे, सगळे हाताने. मूट कोर्टच्या विषयात तीन मूट, म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले, त्याशिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहायचा आणि टिपणं काढायची, पक्षकाराची मुलाखत कशी घेतात तेही नोंदवायचं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण बारा आठवड्यांची इंटर्नशिप असते, तिची डायरी वेगळी. बरीच मुलं या फायली वरच्या वर्गाकडून आणून उतरवून काढतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. अख्ख्या अभ्यासक्रमात कोर्ट जवळून दिसावं म्हणून दिलेली हीच तर जागा आहे.

मी पाहिलेल्या फौजदारी खटल्यापैकी एक दुपार मला कायम लक्षात राहील. तालुक्याच्या कोर्टात परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चं प्रकरण होतं, चेक न वटल्याचं. फिर्यादी संस्थेचा कारकून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, सरतपास म्हणजे त्याच्याच वकिलांचे प्रश्न विचारून झालेले. आरोपीचे वकील उठले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कधी मिळाला? साक्षीदाराने फाइल पाहून सांगितलं, ३ मार्च. नोटीस टपालात कधी टाकली? तो पावती शोधायला लागला. पावती फिक्की झाली होती, त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि वाचली: ६ एप्रिल. वकील म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही," आणि बसले. मी बाकावर बोटांनी दिवस मोजले. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, म्हणजे २ एप्रिलपर्यंत. चार दिवस उशीर. त्या कारकुनाला अजून काही कळलेलं नव्हतं, तो पावती परत घडी घालून ठेवत होता. त्याच्या जागी मी अकरा वर्षं होते. आपल्या हातून असा एखादा दिवस हुकला होता का, हे मी त्या रात्री आठवत बसले.

आता सनदेकडे, म्हणजे वकिलीच्या परवान्याकडे. निकाल लागेपर्यंत मला वाटत होतं की निकाल लागला की अर्ज करायचा, एवढंच. सनदेसाठी अर्ज महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायचा असतो. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदव्या, शाळा सोडल्याचा दाखला, चारित्र्याचे दाखले, प्रतिज्ञापत्रं अशी यादी. सगळं टेबलावर मांडलं आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं की माझी नावं तीन आहेत. दहावी-बारावीवर माहेरचं पूर्ण नाव, बी.कॉम.च्या पदवीवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, एलएलबीवर सासरचं नाव. तिन्ही मीच, पण कागदाला ते कळत नाही. शिवाय बी.कॉम. आणि एलएलबी यांच्यात अकरा वर्षांचं अंतर, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र.

विवाह नोंदणीचा दाखला होता. नाव बदलाची राजपत्रातली प्रसिद्धी केलेली नव्हती, कारण तोवर कधी गरजच पडली नाही. ती केली. आद्याक्षराच्या फरकासाठी "ही आणि ती एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र केलं. एका कार्यालयातून मूळ प्रमाणपत्रासाठी मला तीनदा परत पाठवलं गेलं, दर वेळी वेगळा कागद मागून. तिसऱ्या वेळी जिन्यात बसून रडले. मग तिथल्याच एका बाईंनी मला आत बोलावून लागणारी सगळी यादी एकदाच एका कागदावर लिहून दिली. त्यांनी ते केलं नसतं तर मी त्या वर्षी सनद घेऊच शकले नसते. म्हणून जी शेवटच्या वर्षात आहेत, विशेषतः लग्नानंतर शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी, त्यांना हात जोडून सांगते: सगळे कागद आजच एका ओळीत मांडा आणि नावाचं एकेक अक्षर ताडून पाहा. निकालाची वाट पाहू नका.

पैशाबद्दलही सांगते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे नावनोंदणीचं शुल्क ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. तरी अनेक राज्यांत त्यावर हजारो रुपये घेतले जायचे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात निकाल दिला की कायद्यातल्या रकमेपेक्षा आणि मुद्रांक शुल्कापेक्षा जास्त घेता येणार नाही. हा निकाल मी पूर्ण वाचला. गरीब घरातून येणाऱ्या मुलांना दारातच अडवणं हे समानतेच्या विरुद्ध आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तो वाचताना फार बरं वाटलं.

राजीनामा मात्र जड गेला. पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार थांबणार, हे घरात सांगायला मला आठ दिवस लागले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग एवढं शिकलीस कशाला? दे राजीनामा."

सनद मिळाली तरी अखिल भारतीय बार परीक्षा राहतेच. ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते. मी ३० नोव्हेंबर २०२५ ची दिली. शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. विषय एकोणीस आहेत, पण वजन पाहिलं की वाट दिसते: संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि नागरिक सुरक्षा संहिता प्रत्येकी दहा, न्याय संहिता, साक्ष अधिनियम, कौटुंबिक कायदे आणि करार-मालमत्ता-परक्राम्य दस्तऐवजांचा गट प्रत्येकी आठ. एवढ्यातच बासष्ट गुण होतात. मी हे आधी पक्कं केलं, बाकीचं नंतर. बेअर ॲक्ट, म्हणजे फक्त कायद्याचा मजकूर असलेली पुस्तकं, आत नेता येतात, पण कोरे, टिपणं नसलेले. माझे सगळे पेन्सिलीने भरलेले होते, त्यामुळे नवे घ्यावे लागले. पुस्तक जवळ असलं तरी कलम कुठे आहे हे माहीत नसेल तर उपयोग होत नाही. दोन महिने मी रोज रात्री अर्धा तास फक्त अनुक्रमणिका वाचायचे.

उत्तीर्ण झाले. पण त्याच्या आधीच, सनद मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सरांनी एक फाइल माझ्यासमोर सरकवली. परत आलेला चेक, बँकेचा मेमो, एका भाजीच्या व्यापाऱ्याचे पैसे अडकलेले. "नोटीस तुम्ही काढा," म्हणाले. मी आधी मेमोवरची तारीख पाहिली, मग भिंतीवरचं कॅलेंडर. नऊ दिवस झाले होते. नोटीस टाइप केली, दोनदा वाचली आणि त्याच दुपारी स्वतः टपालात टाकली. पावती फिक्की होते म्हणून तिची झेरॉक्स काढून दोन्ही फाइलला टाचले. नोटिशीच्या खाली माझं नाव होतं, सनदेवर आहे तसंच, पूर्ण.