दृश्य संपल्यावरही सुरू राहणारा कॅमेरा

आनंद पटवर्धन यांचा ‘विवेक’ हा माहितीपट बाबांनी आणि मी कोल्हापुरातल्या आमच्या घरी लागोपाठ तीन रात्री बसून पाहिला. आठ भागांचा, जवळजवळ चार तासांचा ऐवज एका बैठकीत पाहणे बाबांच्या पाठीला झेपणारे नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे. ते पडद्यावर बोलू लागले तेव्हा बाबांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला, “आवाज वाढव जरा,” म्हणाले, आणि तो भाग संपल्यावर “उरलेलं उद्या बघूया,” एवढेच बोलून उठले. पानसरे यांची भाषणे त्यांनी शाहू स्मारकात पुढच्या रांगेत बसून ऐकलेली आहेत. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला मुंबईत पानसरे यांचे निधन झाले. आमच्या घरात त्या आठवड्याचा विषय सहसा निघत नाही.

दुसऱ्या रात्री बाबा एक गोष्ट बोलले, आणि तेव्हापासून मी पटवर्धनांच्या कामाकडे तशाच नजरेने पाहतो आहे. “ह्यो माणूस प्रश्न विचारतो आणि गप बसतो बघ,” ते म्हणाले.

पटवर्धनांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. स्वातंत्र्यलढ्यातले रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. आई निर्मला पटवर्धन या नामांकित कुंभकलाकार. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत समाजशास्त्र शिकायला गेले. तिथे व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीत पडले, आणि परतल्यावर मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ या संस्थेच्या ग्रामीण कामात रमले. चित्रपट आला तो या वाटेने. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनासाठी ते बिहारला गेले, तेव्हा चित्रीकरणाला हाताशी सुपर ८ चा लहानसा कॅमेरा होता. ती फिल्म पडद्यावर टाकून १६ मिलिमीटरवर पुन्हा टिपून घ्यावी लागली. पुढे आणीबाणी आली आणि या पहिल्या चित्रपटाच्या प्रिंटचे तुकडे करून ते गुपचूप परदेशी धाडावे लागले. निर्माता, दिग्दर्शक, संकलक आणि पुष्कळदा छायाचित्रकारही स्वतःच, ही पद्धत तेव्हा पडली ती आजतागायत टिकून आहे.

मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमेवरचा ‘हमारा शहर’ हा त्यांचा १९८५ चा चित्रपट. त्यात एक बाई थेट कॅमेऱ्याकडे पाहून चित्रपट करणाऱ्यांनाच झापते, की गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार? हे दृश्य कापून टाकणे किती सोपे होते! पटवर्धनांनी ते ठेवले. दिग्दर्शक म्हणून त्यांनी घेतलेल्या निर्णयांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, कारण त्या बाईला त्यांनी उत्तर दिलेले नाही.

याच चित्रपटात विलास घोगरे या शाहिरांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलिस गोळीबारात १० जण मारले गेले आणि काही दिवसांतच घोगरेंनी गळफास घेतला. दुसरा कोणी असता तर श्रद्धांजलीचा छोटा लघुपट करून थांबला असता. पटवर्धन त्या वस्तीत, खटल्यात आणि गाण्यांत १४ वर्षे गुंतून राहिले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला. बातमीचे वार्ताहर निघून गेल्यावर जे उरते, तेच त्यांना हवे असते.

कारकिर्दीचा निम्मा भाग मात्र चित्रपट करण्यात नव्हे, तो दाखवण्यात गेला आहे. अण्वस्त्रांवरच्या ‘जंग और अमन’ला सेन्सॉरने सुचवलेली काटछाट मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनने दाखवावा, यासाठी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ‘विवेक’ २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात दाखवला गेला तोही तिथल्या उच्च न्यायालयाच्या परवानगीने. त्याआधी २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट दीर्घ माहितीपटाचा पुरस्कार मिळालेला होता. (हे सारे पाहता ‘माहितीपट’ हा शब्दच मला तोकडा वाटतो, निव्वळ माहितीसाठी कोणी इतके कोर्ट चढत नाही.)

२०१४ मध्ये मुंबईच्या महोत्सवात त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तेव्हा एक कोल्हापूरकर म्हणून मला बरे वाटले होते. शांताराम इथलेच, १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये बाबूराव पेंटरांनी त्यांना नाडल्या गेलेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत उभे केले होते. वास्तवाकडे कॅमेरा वळवण्याची सवय या गावाला जुनी आहे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, पटवर्धनांनी आपला राष्ट्रीय पुरस्कार परत केला. त्यामागे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांचा संप होता, तशा दाभोलकर, पानसरे आणि कलबुर्गी या विवेकवादी विचारवंतांच्या हत्याही होत्या.

‘विवेक’विषयी माझी एक तक्रार आहे. त्यात निवेदन जास्त झाले आहे. जिथे पूर्वीचे पटवर्धन गप्प राहून समोरच्याला बोलू देत, तिथे या चित्रपटात ते स्वतःच सांगून मोकळे होतात. बाबांना मी हे म्हटले तेव्हा ते म्हणाले, “वय झालं की वाट बघायला वेळ कमी उरतो रे.”

२०२३ च्या ‘वसुधैव कुटुंबकम्’मध्ये हा कॅमेरा घरातच वळला आहे. म्हाताऱ्या होत चाललेल्या आईवडिलांना सहज टिपून ठेवता ठेवता त्यातून त्या घराण्याची आणि स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट उभी राहिली. तो मी एकट्याने पाहिला. बाबा दोनदा विचारून झाले आहेत, की त्यांचा नवीन कुठला आला आहे का. मी अजून काही सांगितलेले नाही.