तुझ्लाच्या गोदीत शिकलेली म्हण

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, मार्मारा समुद्राच्या काठी, तुझ्ला आहे. तिथल्या खाडीला लागून एकापुढे एक जहाजदुरुस्तीचे कारखाने उभे आहेत. आमचा रसायनवाहू टँकर तिथल्या सुक्या गोदीत घेतला होता आणि सेकंड इंजिनिअर या नात्याने कार्गो टाक्यांमधल्या हीटिंग कॉइलच्या दुरुस्तीवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे होते. या कॉइल म्हणजे टाकीच्या तळाशी अंथरलेल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या असतात. त्यांचे जोड आतून काळे पडू नयेत म्हणून वेल्डिंग करताना नळीत आरगॉन वायू सोडतात.

पाइपफिटरांचा म्होरक्या साठीच्या आसपासचा होता. त्याला सगळे ‘उस्ता’, म्हणजे उस्ताद, म्हणत आणि मीही तसेच म्हणू लागलो. उंच परांचीवर तो इतक्या सहजतेने वावरे की खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात गोळा यावा. एकदा त्याच्याकडे बघत मी काहीतरी कौतुकाचे बोललो, तेव्हा शेजारचा पोरगेला वेल्डर म्हणाला, “गोझुनु बुदाक्तान साकिन्माझ.” मला ते कळले नाही, हे उस्ताने वरून पाहिले असावे. चहाच्या सुट्टीत त्याने मला परांचीच्या एका फळीपाशी नेले, लाकडातल्या गाठीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “बुदाक.” मग डोळ्यांसमोर पंजा धरून झाडीत घुसणाऱ्या माणसाची नक्कल केली. झाडावर ती गाठ म्हणजे मोडक्या फांदीचा खुंट असतो आणि रानातून धावणाऱ्याच्या तो थेट डोळ्यात जाऊ शकतो. त्या खुंटापासून जो डोळा राखत नाही, तो जिवावर उदार माणूस. आपल्याकडे अशा माणसाला बहाद्दर म्हणतात, असे मी सांगताच त्याने मान डोलावली, कारण तुर्कीत ‘बहादिर’ आहेच.

त्या दिवशी सकाळी कॉइलचे उरलेले जोड संपवायचे होते. गोदीवर पुढच्या जहाजाची पाळी ठरलेली होती, त्यामुळे कारखान्याचा प्रकल्प व्यवस्थापक सकाळपासून टाकीच्या तोंडाशी उभा होता. वायुतपासणी करणाऱ्या माणसाने मीटरचा नळ तोंडातून थोडा आत सोडला आणि ऑक्सिजन 20.9 टक्के, म्हणजे मोकळ्या हवेइतका, आल्याचे सांगितले. वेल्डर शिडीवर पाय ठेवणार, तेवढ्यात कारखान्याची सुरक्षा अधिकारी पुढे आली. ती जेमतेम पंचविशीतली होती आणि तिथे नव्यानेच लागलेली होती. नळ तळापर्यंत सोडून पुन्हा मोजल्याशिवाय टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सही करणार नाही, असे तिने सांगितले.

व्यवस्थापकाचा आवाज चढला. त्याचे शब्द मला कळत नव्हते, पण तो घड्याळ दाखवत होता, गोदीच्या दाराकडे हात करत होता आणि भोवतीचे कामगार खाली बघत होते. ती मात्र आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणाली आणि परवान्याचे पॅड तिने छातीशी धरून ठेवले. जहाजाच्या वतीने मीही तळाचे मोजमाप हवे असल्याचे सांगितले. त्यात माझे धाडस काही नव्हते, कारण मला पगार तो व्यवस्थापक देत नव्हता. तिला मात्र त्याच कारखान्यातून पगार मिळत होता.

नळ तळाला पोहोचल्यावर मीटर वाजू लागला. आकडा सोळावर आला आणि पंप बसवलेल्या खोलगट विहिरीत नळ सोडल्यावर तो अकरापर्यंत उतरला. रात्रपाळीने आरगॉनची नळी टाकीतच सोडली होती आणि तिची चावी पुरती बंद झालेली नव्हती. आरगॉन हवेपेक्षा सुमारे 1.4 पट जड असतो, म्हणून तो पाण्यासारखा तळाशी साचतो, आणि वरून केलेल्या तपासणीत त्याचा मागमूसही लागत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. त्याहून घातक गोष्ट अशी की माणसाला गुदमरल्याची जाणीव शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने सहसा होत नाही. त्यामुळे अशा हवेत वाकून काम करणारा माणूस दम लागल्याची तक्रारही न करता कोसळतो, आणि त्याला उचलायला उतरलेला सोबतीही त्याच्याच शेजारी पडतो. जहाजांवर बंदिस्त जागेत असे दुहेरी मृत्यू पुन्हा पुन्हा झाले आहेत. म्हणूनच 2015 पासून अशा जागेतल्या प्रवेशाचा आणि सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी करणे सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने बंधनकारक केले, आणि जुलै 2016 पासून वायुमापक यंत्र जहाजावर असणेही सक्तीचे झाले.

उस्ताने मीटर स्वतःच्या हातात घेतला, आकडा पाहिला आणि शिडीपाशी थांबलेल्या वेल्डरला दंड धरून मागे ओढले. तुझ्लाची ती वाईट वर्षे त्याने पाहिली होती. 2007 आणि 2008 मध्ये तिथल्या कारखान्यांत इतके कामगार दगावले की फेब्रुवारी 2008 मध्ये संप झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जीवरक्षक नौकेच्या चाचणीत वाळूच्या पोत्यांऐवजी माणसे बसवल्याने तिघांचा जीव गेला. ज्यांना त्या नौकेत बसायला सांगितले गेले, त्यांच्यात हिमतीची वाण नव्हती. वाण होती ती ‘हे चालणार नाही’ असे वेळेवर म्हणणाऱ्याची.

उस्ता त्या मुलीकडे वळून म्हणाला, “आफेरिन, किझिम,” म्हणजे शाबास, पोरी. मग मला ऐकू जाईल अशा बेताने त्याने ती म्हण पुन्हा उच्चारली, पण या वेळी पुरी: “गोझुनु बुदाक्तान, सोझुनु दुदाक्तान साकिन्माझ.” दुदाक म्हणजे ओठ. फांदीपासून डोळा राखत नाही आणि ओठाशी आलेला शब्दही मागे घेत नाही, असा तिचा अर्थ होता. माझ्या कानावर आजवर पडला होता तो अर्धाच भाग. उरलेला भाग तुला माहीत होता का, असे मी पोरगेल्या वेल्डरला विचारले, तेव्हा तो म्हणाला की उंचावर चढणाऱ्यांबद्दल बोलताना तेवढाच भाग पुरतो.

व्यवस्थापक एक शब्द न बोलता निघून गेला. ताजी हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे कापडी नळ थेट तळापर्यंत सोडले गेले, आरगॉनची नळी वर ओढून सिलिंडरपाशीच बंद केली गेली, आणि दुपारी वर, मध्ये, तळाशी व विहिरीत अशा चारही ठिकाणी 20.9 आकडा आल्यावर तिने सही केली. उस्ता स्वतः सर्वांत आधी उतरला. जहाज गोदीतून ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा निघाले.