आमटी टोचते

संक्रांतीला दवाखाना रिकामाच असतो. सणाच्या दिवशी पोर किरकिरलं तरी आया संध्याकाळपर्यंत कळ काढतात. त्यामुळे अकराच्या सुमारास दारात रिक्षा कचकन थांबली, तेव्हाच मी खुर्चीतून उठलो.

चार वर्षांचा मुलगा, आईच्या खांद्यावर मान टाकून. मागे आजी, हातात वाटी. "सगळ्या अंगावर गांधी उठल्यात डॉक्टर. आमसुलाचं पाणी लावलं, पण बसेनात."

नुसत्या गांधींनी मी घाबरलो नसतो. पण पोरगं रिक्षात दोनदा ओकलं होतं, कोरडं खोकत होतं आणि रडताना आवाज घोगरा येत होता. स्टेथोस्कोप लावला तर छातीत शिट्टी वाजत होती. शेजारून आलेला तिळाचा लाडू अर्धा खाल्ला, त्याला वीस मिनिटं झाली होती.

"सलाईन लावा," बाप म्हणाला. सिस्टर सवयीनं एव्हिल भरायला निघाली. म्हटलं, आधी अ‍ॅड्रेनलिन. एव्हिलनं खाज कमी होते. घशाची सूज आणि उतरणारं बीपी त्याला आवरत नाही. वजन 15 किलो, म्हणजे 1 मिलीच्या अँप्यूलमधलं जेमतेम 0.15 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एवढ्याशा औषधाकडे बाप संशयानं बघत राहिला. ऑक्सिजन लावला, आईला टेकवून बसवलं, उभं राहू दिलं नाही. सात-आठ मिनिटांनी पोरगं म्हणालं, "पाणी." आवाज मोकळा होता.

अ‍ॅलर्जीची अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी उलटून येऊ शकते, म्हणून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. त्या वेळात जुना केसपेपर काढला. दिवाळीतली नोंद, अक्षर माझंच: अंगावर पित्त, सेट्रिझिनचं सिरप, 3 दिवस. काय खाल्लं होतं हे मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. चकली. भाजणीची, तीळ घातलेली.

"आणखी कशानं त्रास होतो?" कोणी काही बोलेना. मग आजी हळूच म्हणाली, "आमटी खात नाही. टोचते म्हणतो. मला वाटलं नखरे. धपाटेही घातलेत दोनदा."

घरी वर्षाचा गोडा मसाला आजीच करते. धणे, सुकं खोबरं, दगडफूल आणि तीळ. एवढंसं पोर आपल्या शब्दांत नेमकं निदान सांगत होतं आणि आम्ही सगळे, मी धरून, त्याला गप्प करत होतो.

बाप आता दूध, अंडी, शेंगदाणे सगळंच बंद करायला निघाला. पोरगं शेंगदाण्याची चिक्की रोज खातं, काही होत नाही. मग ती का तोडायची? कोणीतरी त्याला पन्नास-साठ पदार्थांच्या रक्ततपासणीचं पत्रक दिलं होतं, तेही बाजूला ठेवायला लावलं. तपासणीत एखादा पदार्थ 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे तो सोसत नाहीच असं नसतं, आणि अशा याद्यांपायी मुलं उगाच उपाशी राहतात. दीड महिन्यानं पुण्यात त्वचेवर टोचून चाचणी झाली. तिळाची जागा टरारून फुगली, शेंगदाण्याची नाही.

अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन, म्हणजे आधीच डोस भरलेलं इंजेक्शन, आमच्या गावात मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून आईला अँप्यूल आणि 1 मिलीची सिरिंज दिली, 0.15 वर नेलपॉलिशची रेघ मारून. पाण्यावर सराव घेतला. पहिल्यांदा तिनं रेघेच्या पुढं पाव मिलीपर्यंत भरलं. पाचव्यांदा बरोबर जमलं. टोचलं की लगेच दवाखाना गाठायचा, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. बालवाडीच्या बाईंसाठी वेगळी चिठ्ठी.

आजीची अडचण निराळीच होती. तिळाशिवाय गोडा मसाला व्हायचा कसा? आणि तिळाची चटणी ज्या भांड्यात वाटतो, त्यातच मसाला वाटायचा का? मिक्सरचं नवं भांडं घ्यायला सांगितलं. तिनं घेतलं, कानाला लाल दोरा बांधून वेगळं ठेवलंय.

पुढच्या खेपेला कागदाच्या पुडीत नवा मसाला घेऊन आली, मला वास घ्यायला लावला.

"खोबरं वाढवलंय. पण चव नाही हो तेवढी."

"आणि हा?"

"हा काय, वाटी चाटून ठेवतो."