रोममधली सात चर्चची वारी आणि पाच गाद्या

संत फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात रोममधल्या सात चर्चची पायी वारी रूढ केली. अंतर वीस किलोमीटरहून थोडं जास्त. आम्ही वसईची मंडळी रोझरी म्हणत सेंट पीटर्सच्या चौकातून निघालो. माझ्या मनात मात्र पाच गाद्या घोळत होत्या: रोम, कॉन्स्टँटिनोपल, आलेक्सांद्रिया, अंत्युखिया, यरुशलेम. पहिल्या पाच शतकांत ख्रिस्तसभेची सत्ता या शहरांच्या बिशपांकडे एकवटली. परंपरेने रोममध्ये या प्रत्येक गादीला एकेक महामंदिर, म्हणजे बॅसिलिका, नेमलेलं आहे, आणि ती पाचही याच वाटेवर लागतात.

सेंट पीटर्स कॉन्स्टँटिनोपलचं, सेंट पॉल आलेक्सांद्रियाचं. तिथून संत सेबास्टियनकडे वळलो. या चर्चखाली एक भिंत आहे. तिसऱ्या शतकातल्या यात्रेकरूंनी तिच्या गिलाव्यावर टोकदार वस्तूने ओरखडून ठेवलंय. एका ओळीचा अर्थ असा: 'पौला, पेत्रा, व्हिक्टरसाठी विनंती करा.' तेव्हा ना राजाश्रय होता, ना महामंदिरं. मी तिथेच रेंगाळलो. फादरांना दोनदा हाक मारावी लागली.

लॅटरन हे खुद्द रोमच्या बिशपांचं आसन. कॉन्स्टंटाइनने ही जागा दिली आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोप इथेच राहत. मधले कांस्याचे दरवाजे नीट बघा: ते रोमन सिनेटच्या सभागृहाचे, सतराव्या शतकात इथे आणून बसवलेले. साम्राज्याचा मान कुठे गेला ते त्या हिरवट पडलेल्या धातूवरून कळतं.

सांता क्रोचेच्या जमिनीखाली यरुशलेमची माती घातली आहे, असं परंपरा सांगते. पुढचं सेंट लॉरेन्स यरुशलेमच्या गादीचं. इथे माझा जीव तुटतो. जिथे प्रभू क्रुसावर गेले, ते शहर क्रमात शेवटी! इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केलं. ३२५ च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेने रोम, आलेक्सांद्रिया आणि अंत्युखिया यांचे अधिकार मान्य केले. यरुशलेमच्या बिशपांना सन्मान दिला, पण अधिकार कैसरिया या प्रांताच्या मुख्य शहराच्या बिशपांच्याच हाती ठेवला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या खालोखाल मान मिळाला, कारण ते नवं रोम, बादशहाचं शहर. यरुशलेमला पाट्रिआर्कपद, म्हणजे अशा गादीवरच्या प्रमुख बिशपाचं पद, मिळायला ४५१ ची काल्सेदोन परिषद यावी लागली. पावित्र्यापेक्षा राजधानीचं वजन जास्त ठरलं, असंच मला वाटतं, आणि ते मला खटकतं.

त्याच परिषदेत आलेक्सांद्रियाचा पाट्रिआर्क दिओस्कोरस पदच्युत झाला आणि इजिप्तमधले बहुसंख्य ख्रिस्ती वेगळे झाले. त्याआधी वीस वर्षं, ४३१ मध्ये, त्याच गादीवरच्या सिरिलने इफिसच्या परिषदेत कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्टोरियसला पायउतार करवलं होतं. त्या परिषदेनंतरची मोझाइकं सांता मारिया माजोरेच्या कमानीवर आहेत. तिथली मरियामाता राजदरबारातल्या स्त्रीसारखी सोन्याच्या वस्त्रांत बसलेली आहे.

सांता मारिया माजोरे हे अंत्युखियाचं महामंदिर. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा अंत्युखियातच मिळालं. पायऱ्यांवर पाय चेपत मावशींनी विचारलं, "मग तिथले पाट्रिआर्क आता कुठे असतात रे?"

"मावशी, ती पदवी आज पाच जण लावतात, पण त्या शहरात कुणीच राहत नाही. कुणी दमास्कसला, कुणी लेबनॉनमध्ये. आपल्या केरळातले याकोबी ख्रिस्ती दमास्कसच्याच एका पाट्रिआर्कना मानतात."

"केरळातले? मग आपल्या शेजारणीला विचारते," मावशी म्हणाल्या.