काटा कधी चढतो, ते आधी बघा

जुनी मारुती 800 गरम व्हायला लागली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. काढला की तापमानाचा काटा खाली राहतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मूळ दोष असतो तिथेच राहतो आणि पुढच्या मे महिन्यात हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) उडवून बाहेर येतो. 796 सीसीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. एकदा सणसणीत उकळलं की ते वाकतं, मग फेसिंग (हेड घासून सपाट करणं) आणि गॅस्केटचा खर्च चुकत नाही. म्हणून पार्ट बदलायच्या आधी दोष शोधायचा. खालचं सगळं कार्ब्युरेटरवाली 800 समोर ठेवून लिहिलंय. ओम्नीलाही बरंचसं लागू पडतं.

सिग्नलला काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? फॅन बघा. आधी फ्यूज. तो ठीक असेल तर थर्मो स्विचचा (पाणी तापलं की फॅन लावणारा स्विच) कनेक्टर काढा, दोन्ही वायरी एका तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. (एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा.) फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर रिले, अर्थ, नाहीतर मोटरचे कार्बन. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्या) गाडीत मात्र सेन्सरच्या वायरी अशा जोडत बसू नका.

सिग्नलला शांत, पण खंबाटकी घाट चढताना काटा वर, असं असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोंदलाय, पाण्याच्या पंपाचा बेल्ट सरकतोय, पंपाची पाती गंजून झिजलीत किंवा खालचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) आत ओढला जातोय. थंड इंजिन सुरू करून पाचेक मिनिटांतच काटा लाल रेषेवर गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पाण्यात हवा धरलीय, किंवा गॅस्केट गेलंय. आणि वर गेलेला काटा एकदम धप्पकन खाली आला तर गाडी सुधारली असं समजू नका. सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नाही. तिथल्या तिथे इंजिन बंद.

आता होज. इंजिन पूर्ण थंड असताना प्रत्येक होज आधी मधोमध दाबा, मग टोकाशी, क्लिपपासून दोन इंचांच्या आत. मध्ये टणक आणि टोकाला मऊ लागला तर बदला, बाहेरून कितीही नवा दिसो. रबर आतून, टोकाजवळ फाटत जातं. इंजिन आणि रेडिएटर यांच्या धातूंमध्ये कूलंटमधून (रेडिएटरमधल्या रसायन मिसळलेल्या पाण्यातून) बारीक करंट वाहतो, त्याचा हा परिणाम. बाहेर भेग दिसेपर्यंत थांबलात तर होज घाटातच फुटणार. फुगून चिकट झालेला होज तेल प्यायलेला असतो, तेव्हा वरून तेल कुठून गळतंय तेही शोधा. काचेसारखा कडक झालेला आणि दाबल्यावर कुरकुरणारा होज उष्णतेने वाळलाय.

खालच्या होजकडे कोणी बघत नाही. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. बॉनेट उघडून, फॅनपासून हात लांब ठेवून, गरम इंजिन जोरात रेस करायला सांगा आणि बघत राहा. होज चपटा होत असेल तर तो मऊ पडलाय (आत स्प्रिंग असलेला असेल तर ती गंजून गेलीय) किंवा रेडिएटरमधून पाणी येत नाहीये. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा दिसत असेल तर दोष होजचा नाही, रेडिएटरच्या कॅपचा. कॅपमधला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकला की शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येत नाही.

बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा, याचं कारण बरेचदा कॅपपासून बाटलीकडे जाणारी ती बारीक नळी. तिला चीर असेल किंवा तिचं टोक बाटलीच्या तळापर्यंत जात नसेल तर गरम झाल्यावर पाणी बाहेर जातं आणि थंड होताना आत हवा ओढली जाते. स्वस्तातली नळी, पण हिच्यापायी पंप बदललेले लोक आहेत.

कॅपवर 0.9 लिहिलेलं असतं. तेवढ्या दाबाखाली साधं पाणी साधारण 118 अंशांना उकळतं. रबर सुकलेल्या कॅपखाली 100 लाच. कॅप नवीन घेताना तोच आकडा घ्या.

थर्मोस्टॅट तपासायला पातेलं आणि थर्मामीटर पुरे. तो दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. 82 छापलेला असेल तर 82 च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. काढून टाकल्यावर इंजिन थंडच चालतं, ॲव्हरेज पडतं आणि पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

होज बसवताना आत ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी किंवा कूलंट लावा. पाइपवरचा गंज आणि पांढरा थर सँडपेपरने साफ करा. क्लिप पाइपच्या उंचवट्याच्या मागे आणि होजच्या टोकापासून 3 ते 6 मिमी आत हवी; उंचवट्यावर कसलेली क्लिप होज कापते. स्क्रूची क्लिप पहिल्या गरम-थंड फेरीनंतर पुन्हा कसावी लागते, कारण रबर दबतं. सकाळी थंड गाडीखाली थेंब आणि गरम झाल्यावर बंद, हे त्याच ढिल्या क्लिपचं काम.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको. डिस्टिल्ड वॉटर वापरा. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण गंज रोखणारी रसायनं कूलंटमधूनच मिळतात. रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. भरताना गाडीचं तोंड चढाकडे, कॅप उघडी, हीटर असेल तर गरमवर. वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी टाकत जा, फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या. बुडबुडे थांबतच नसतील आणि थंड इंजिन सुरू केल्याच्या मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा टणक होत असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग होज बदलण्यात अर्थ नाही, हेड उघडावंच लागेल.

रस्त्यात होजला बारीक भोक पडलं तर अर्धा-पाऊण तास थांबा. गरम इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. भोकावर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून चार-पाच वेढे मारा, पाणी भरा आणि कॅप पहिल्या खाचेवरच ठेवा म्हणजे दाब चढणार नाही. मात्र आता पाणी 100 लाच उकळेल, तेव्हा एसी बंद, वेग कमी, आणि नजर काट्यावर.