सात फुटी दार

कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी भरत आली की बाई आपोआप मागे झुकते. कुणी शिकवत नाही. पोटापुढं चार-पाच किलो लोंबत असले की पाठ स्वतःच हिशोब करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी दर मंगळवारी फिजिओथेरपीला बसते. दिवाळीनंतर माझ्याकडं येणाऱ्या बायकांची कंबर बघून, कुणाची वेचणी किती झाली याचा अंदाज मला साधारण येतो.

म्हणून 'पराटीत (म्हणजे कापसाच्या पिकात) पडते' अशी तक्रार घेऊन सव्वीस वर्षांची एक बाई भावासोबत आली, तेव्हा मी आधी ओटीबद्दलच विचारलं. कधी पडता, ओटी भरल्यावर का?

"भरेल असली तं तोंडावर पडतो जी. रिकामी असली तं मांगं."

हे मला चमत्कारिक वाटलं. एकच माणूस सहसा एकाच तऱ्हेनं पडतं.

तिच्या फायलीत नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांचा कागद होता. त्यावर निदान होतं, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. १९९४पर्यंत अमेरिकी निदानपुस्तिकेत याला 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत. कॉलेजात आम्ही त्यावर अर्धं पान वाचलं होतं आणि ते परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलं होतं. ती स्वतः मात्र साधं सांगे, "आमी चौघं हाओ." ती स्वतः, नऊ वर्षांचा एक पोट्टा, एक म्हातारी आणि 'दादा'. जो त्या वेळी अंग वापरतो तो 'समोर' असतो. गावात लोक अंगात येतं म्हणायचे. त्यावर तिचं उत्तर तयार होतं, "देवी आली असती तं साडी मांगतली असती. हा पोट्टा बोरं मांगते."

(हे सगळं तिला विचारून, गाव-नातं ओळखू येणार नाही इतपत बदलून लिहितेय. परवानगी चौघांनीही दिली. म्हातारीनं सगळ्यात शेवटी.)

मानसिक आजाराचा कागद हाती आला की पुढची तपासणी ढिली पडते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मी स्वतःही केलंय. म्हणून या वेळी सगळं नीट केलं. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि माणूस लंगडतं, पण तिची सिकलसेल चाचणी निगेटिव्ह होती आणि खुबे छान फिरत होते. झोपून आणि उभं राहून घेतलेल्या रक्तदाबात फरक नव्हता. कान, डोळे, तळपायांची संवेदना, सगळं ठीक होतं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. ही रोंबर्गची चाचणी. तोल सांभाळायला माणूस डोळे, आतला कान आणि सांधे-स्नायूंकडून येणारी खबर या तिन्हींवर विसंबतं. डोळे काढून घेतले की उरलेल्या दोघांची परीक्षा होते. ती खांबासारखी उभी राहिली.

मग एका पायावर उभं केलं. डोळे उघडे, तीस सेकंदांचं लक्ष्य. मी मोबाइलवर वेळ लावली. दहा सेकंद झाले, अकरा झाले, आणि तिच्या पापण्या दोनदा फडफडल्या. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि खाली जमीनच निघते, तसं तिचं अख्खं अंग एकदम दचकलं. मी झेप घेऊन तिचा दंड धरला.

ती माझी चूक. आमच्या शिकवणीत पडणाऱ्याला धरणं हा पहिला धडा, त्यामुळं हात आधी गेला. तिनं दंड हिसकला आणि ती भिंतीला जाऊन चिकटली. भाऊ बाकावरून म्हणाला, "मॅडम, पकडू नका त्याले. भेते तो."

त्याले, म्हणजे पोट्टा समोर आला होता. बोलण्यावरून मला ते कळलं नसतं. वऱ्हाडीत बाईही 'मी जातो', 'मी पडतो' म्हणते, त्यामुळं क्रियापद काही सांगत नाही. कळलं ते मानेवरून. तिची-माझी उंची सारखी, दोघी पाच फूट एक इंच. पण आता ती हनुवटी वर करून बघत होती, आणि नजर माझ्या डोक्याच्या वीतभर वरून जात होती. नऊ वर्षांचं लेकरू मोठ्या बाईचं तोंड जिथं शोधेल तिथं ती माझं तोंड शोधत होती. पाय फाकवलेले, गुडघे ताठ, हात अंगापासून थोडे लांब.

मी खाली फरशीवर बसले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून बसले, पण ते बरोबर ठरलं. थोड्या वेळानं तोही बसला. बसल्यावर तोलाचा प्रश्नच उरत नाही.

हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या लंडनच्या मज्जातंतूतज्ज्ञांनी १९११ साली मांडलं होतं की मेंदू शरीराचा एक आराखडा सतत बाळगतो आणि प्रत्येक हालचाल त्याच्याशी ताडून बघतो. हा आराखडा कातडीपाशी थांबत नाही. त्यांच्या मते तो बाईच्या टोपीतल्या पिसापर्यंत पोचतो. टोपीचं मला माहीत नाही, पण डोक्यावर पाण्याची गुंडी असलेली बाई दारातून जाताना गुंडीपुरती वाकते, हे मी रोज बघते. मग पोट्ट्याकडं सव्वाचार फुटाचा आराखडा असेल आणि अंग पाच फूट एक इंचाचं, तर काय होणार? घराच्या बुटक्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटत होतं ते त्यामुळंच. भरलेल्या ओटीसह तो समोर आला की मागे झुकायचं त्याला माहीत नाही, म्हणून तोंडावर. आणि मागे पडायचा तो दादा. तो स्वतःला सहा फुटी समजतो, ढांग लांब टाकतो, आणि काळ्या मातीच्या ढेकळांत टाच चुकते.

त्या दिवशी मी एवढंच केलं. पोट्ट्याला भिंतीशी उभं राहायला सांगितलं आणि त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवून पेन्सिलनं खूण करायला लावली. वळून खूण बघितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे माह्यं नाही." मी म्हटलं, नसू दे, पण दार याच्याच मापाचं लागतं. मग हात पसरून, दोन्ही टोकांना खडूच्या रेघा. मग पावलाभोवती रेघ. तो पावलावर खूश झाला, "मोठ्ठं हाय!"

पुढच्या मंगळवारी ती स्वतः आली, तेव्हा तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी तिला शिकवलेला व्यायाम पोट्ट्याला येत नव्हता, दादाला तर त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे एकच गोष्ट मला चार वेळा शिकवायची होती, आणि कोण कधी येईल ते माझ्या हातात नव्हतं. सरकारी नोंदवहीत चार शिकवण्यांना रकाना नाही. मी एकच ओळ लिहीत गेले.

म्हातारीशी मात्र माझं जमेना. ती गुडघे वाकवून, कमरेत दुमडून उभी राही. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ होता. पण वाकलेल्या गुडघ्यांवर उभं राहिलं की मांडीच्या पुढच्या स्नायूंना क्षणभर सुटी नसते. ती संध्याकाळभर चुलीपाशी तशी उभी राहायची आणि सकाळी मांड्या भरून येण्याचं दुखणं तिसरंच कुणी भोगायचं. मी तिला ताठ उभी करायला तीन मंगळवार घालवले. शेवटी ती म्हणाली, "बाई, या वयात सरळ उभं राहून मले कोन्ता गड जिंकाचा हाय?"

बरोबरच होतं. मी तिचं वय कमी करायला निघाले होते. मग तडजोड झाली. म्हातारीनं स्वयंपाक पाटावर बसूनच करायचा. उभं राहायचंच असेल तर एक हात भिंतीला. तीन आठवड्यांत सकाळचं दुखणं निम्म्यावर आलं.

बाकीचे उपाय बरेचसे त्यांचे त्यांनीच काढले. बदल होतोय असं वाटलं की खाली बसायचं आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकायचे. वेचताना अनवाणी, कारण चपलेतून ढेकूळ कळत नाही. (काट्याकुट्याच्या भीतीनं मी नको म्हटलं होतं. कुणी ऐकलं नाही.) ओटी अर्धीच भरायची, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. घराच्या चौकटीला भावानं पोट्ट्यासाठी गेरूचा जाड पट्टा ओढला. त्यावर लाल चिंधीही बांधली. चिंधी कपाळाला लागते, लाकूड लागत नाही.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी पडण्याचा हिशोब विचारला. महिन्यात एकदा, आणि तेही बैलाच्या दाव्यात पाय अडकून. मी म्हटलं, त्यात तर मीही पडले असते.

निघताना ती उठली, भावाच्या हातातली पिशवी घेतली आणि दाराशी जाऊन चांगली खाली वाकून बाहेर पडली. आमच्या दवाखान्याचं दार सात फुटी आहे.

मी भावाकडं बघितलं. तो चपला घालत म्हणाला, "दादा हाय."